गोव्यातील साखळी येथील गॅरेजची नॉकिंग तपासणी : यंत्र उत्तम, अहवाल अपुरा

चोर्ला घाट चढताना पेट्रोल इंजिनातून येणारी बारीक टकटक नॉकिंगची (इंधन अवेळी पेटण्याची) आहे की टॅपेटची (झडपा उघडणाऱ्या भागांची), हे नुसत्या कानाने ठरवणे अवघड असते. त्यासाठी साखळी परिसरातील एका गॅरेजमध्ये आमच्या ७३ मि.मी. बोअरच्या (सिलिंडरच्या आतील व्यासाच्या), तीन सिलिंडरांच्या मारुतीची कंपनमापक यंत्राने तपासणी करून घेतली.

येथे इंजिन ब्लॉकवर पिझो सेन्सर (कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा) बोल्टने आवळून बसवतात आणि त्याचा संकेत लॅपटॉपवर आलेखाच्या रूपात पाहतात. नॉकिंगमध्ये ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. या लाटांची वारंवारता मुख्यतः बोअरवर अवलंबून असल्यामुळे आमच्या इंजिनात ती ८ किलोहर्ट्झच्या किंचित खाली येते, आणि मेकॅनिकने फिल्टर नेमका तेथेच लावला. टॅपेटचा आवाज याच पट्ट्यात मिसळू शकतो. म्हणून इग्निशन कॉइलवर क्लॅम्प लावून ठिणगीची वेळ धरून, पिस्टन वरच्या टोकावरून खाली येऊ लागतो तेवढ्याच काळातला संकेत वाचला गेला. मोबाइलवरील ॲपना हे जमत नाही. पंख्याचा आणि वाऱ्याचा आवाजही ती नॉकिंगमध्येच मोजतात.

सर्वांत समाधानाची गोष्ट म्हणजे गॅरेजच्या दारात आयडलवर (उभ्या गाडीचे इंजिन नुसते चालू ठेवून) गाडी तपासून निकाल देण्याचे त्यांनी साफ नाकारले. भार नसताना नॉकिंग सहसा दिसतच नाही, म्हणून केरीच्या पुढच्या चढावर, वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबून मापन झाले. आलेखातील उंच टोके एकाच सिलिंडरच्या ठिणगीशी जुळत होती आणि त्याच क्षणी ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) ठिणगीचे टायमिंग मागे घेत असल्याचे स्कॅनरवर दिसले. प्लगच्या भोकातून कॅमेरा घातल्यावर तेथे कार्बनचा जाड थर आढळला. तो काढल्यानंतर त्याच चढावर टोके जवळजवळ नाहीशी झाली.

अहवालाने मात्र निराशा केली. कागदावर 'नॉक लेव्हल' म्हणून केवळ एक आकडा असून आरपीएम, गिअर किंवा सेन्सरच्या गेनची (संकेत किती पट वाढवला याची) नोंद नाही. पुढच्या वर्षी तुलना कशाशी करायची? आलेखाची फाइल मागितल्यावर मिळते, पण मागावी लागते.

डिझेल गाडी येथे आणू नये. त्या इंजिनात मिश्रण आपोआप पेटणे हीच कामाची रीत असल्याने गॅरेजवाले ती तपासणीसाठी घेतच नाहीत.