इतिहास प्रकल्पासाठी विषय: प्लेग की गिरणी संप?

मुंबईतल्या १८९६ च्या प्लेगवर साहित्य भरपूर: मांडवीतले पहिले रुग्ण, हाफकिनची लस, शहरसुधारणेसाठी १८९८ मध्ये नेमलेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. पण जुनी इंग्रजी कागदपत्रं नववीच्या मुलांना जड जातात आणि तयार मजकूरच वहीत उतरतो.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाचे साक्षीदार लालबाग-परळला अजून भेटतात. आजोबांना ‘संपात काय झालं?’ विचारलं, तर संपाचे नेते दत्ता सामंत यांचं नाव घेऊन गप्प होतील. ‘तेव्हा वाणसामान कुठून आणायचात?’ विचारा, मग उधारीची वही, गावी धाडलेली मुलं, सगळं निघतं. सांगितलेल्या तारखा मात्र जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून घ्याच. विभागीय फेरीसाठी माझं मत संपालाच. हे कामगार आता सत्तरी-ऐंशीत आहेत, प्लेगचे कागद पुढच्या वर्षीही मिळतील.