गाडीचं डॅम्पिंग : दहा महिन्यांनंतर काय उरलं

गाडी सात वर्षांची हॅचबॅक. रोज जळगाव-एरंडोल, महिन्यातून एकदोनदा धुळे. हायवेला 80 च्या पुढे गेलो की मागे बसलेली आई प्रत्येक वाक्यावर "काय म्हणे?" विचारायची. शेवटी दिवाळीत डॅम्पिंग करून घेतलं, म्हणजे चारही दरवाजे आणि डिकीच्या पत्र्याला आतून आवाज कमी करणाऱ्या चिकट शीट मारून घेतल्या.

पहिली चूक माझीच. मागच्या दोन दरवाजांना पैसे वाचवायला डांबरी शीट लावल्या, बाकी ठिकाणी अ‍ॅल्युमिनियम फॉइलवाली 2 मिमी ब्युटाइल, म्हणजे चिकट रबरी शीट. हिवाळ्यात दोन्ही सारख्याच वाटल्या. मेमध्ये आपल्याकडे पारा 45 च्या आसपास, आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा तर तव्यासारखा. गाडीत नव्या रस्त्याचा वास सुटला. दरवाजाची ट्रिम (आतलं कव्हर) काढून पाहिलं तर डांबरी शीट वरून सुटून घडी पडून खाली लोंबत होती. पुट्टीच्या पात्याने खरवडून, थिनरने पुसून तिथेही ब्युटाइल लावायला दोन रविवार गेले. ब्युटाइल जिथे होती तिथे तशीच चिकटून.

फरक विचाराल तर दरवाजावर टिचकी मारून बघा. आधी रिकाम्या डब्यासारखं टण्ण वाजायचं, आता थड. दरवाजा लावल्याचा आवाज तर दोन लाख जास्त मोजल्यासारखा. शीट पत्र्याची थरथर मारते, म्हणून पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते. मधल्या मोकळ्या भागात पाव ते तिसरा हिस्सा पुष्कळ. हे मला नंतर कळलं. फिटर म्हणाला, "भाऊ, एक बोटभर जागा सोडत नाही," आणि मी खूश झालो होतो!

ती बोटभर जागा जुलैत महागात पडली. वळणावर डाव्या मागच्या दरवाजात पाणी खळखळायला लागलं. दरवाजाच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात, त्यातली दोन शीटखाली गेली होती. ब्लेडने कापली तसं पेलाभर गढूळ पाणी पायावर आलं. काम चालू असताना स्वतः उभं राहून ही भोकं बघा.

टायरची घरघर मात्र बरीचशी तशीच आहे. मोबाइलच्या अ‍ॅपवर रस्त्याच्या त्याच पट्ट्यात, 80 च्या वेगाला 74 डेसिबलचे 71 झाले. कागदावर आवाजाची ऊर्जा निम्मी, कानाला जेमतेम कळतं. ती घरघर हवेतून, फटींतून येते. तिला जाड, वजनदार थर आणि दरवाजाच्या कडेची धड रबरी पट्टी, म्हणजे बीडिंग, लागते. पुढच्या दरवाजांचं चिरलेलं बीडिंग बदललं तेव्हा वाऱ्याची शिट्टी थांबली, तीही शीटच्या तुलनेत चिल्लर खर्चात. खरं तर सुरुवात तिथून करायला हवी होती. व्हील आर्च (चाकांवरच्या पत्र्याच्या कमानी) अजून बाकी आहेत, टायर बदलताना उरकीन.

आईचं "काय म्हणे?" कमी झालंय. पण बाकीचं शांत झाल्यावर डॅशबोर्डची एक किरकिर ऐकू यायला लागली, जी सात वर्षांत कधी जाणवली नव्हती. सध्या तिथे टोलच्या पावतीची घडी खोचलीय.