जिंकलेला संघ तोच ठेवावा की बदलावा?

कोल्हापुरात फुटबॉलचा सीझन रंगात आला की पेठेतल्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "जिंकलेल्या टीमला हात लावायचा नसतो." खेळत होतो तोवर मीही तेच मानायचो. पुढे एका छोट्या तालमीच्या (आमच्याकडं तालमींचेही फुटबॉल संघ असतात) संघाला शिकवायला लागलो आणि दोन्ही पद्धती वापरून झाल्या. पुढच्या मॅचची यादी हातात घेऊन बसलेल्यांसाठी हे लिहितोय.

तोच संघ ठेवण्यात दम आहे, हे आधीच मान्य करतो. दोन स्टॉपर (मधले बचावपटू) आणि गोलकीपर सलग पाच-सहा मॅच एकत्र खेळले की उंच बॉलवर एक जण उडी घेतो आणि दुसरा न सांगता दोन पावलं मागं सरकतो. ही समज नुसत्या सरावानं येत नाही. ॲस्टन व्हिलाने १९८०-८१ ची इंग्लिश लीग ४२ सामन्यांत फक्त १४ खेळाडू वापरून जिंकली. २०१५-१६ मध्ये तीच लीग जिंकणारा प्रशिक्षक रानिएरींचा लेस्टरचा संघही बराचसा ठरलेलाच असायचा. पण त्या वर्षी लेस्टरला युरोपातल्या स्पर्धा नव्हत्या आणि देशातल्या दोन्ही कपमधून ते लवकर बाहेर पडले होते, त्यामुळं पोरांना श्वास घ्यायला वेळ मिळायचा. आपल्याकडं लीग संपते न संपते तोच नॉकआउट लागतात. एप्रिल-मेच्या उन्हात शाहू स्टेडियमवर साठाव्या मिनिटाला विंगर (कडेनं धावणारा आक्रमक) परत मागं येतो का, ते एकदा बघा.

बदल करणाऱ्यांचे निकाल दोन्हीकडचे आहेत. २०१२ च्या युरो कपमध्ये ग्रुपमधले तिन्ही सामने जिंकूनही जर्मनीचे प्रशिक्षक ल्योव यांनी ग्रीसविरुद्ध पुढची फळी बदलली आणि ४-२ ने जिंकले. सेमीफायनलला इटलीसमोर पुन्हा बदलली आणि १-२ ने हरले. उलट २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाचे प्रशिक्षक स्कालोनींनी सेमीफायनल ३-० ने जिंकलेल्या संघातून परेदेसला बसवून फायनलला दी मारियाला उतरवलं. पहिल्या गोलची पेनल्टी त्यानं मिळवून दिली, दुसरा गोल स्वतः मारला.

माझ्यापुरता हा वाद मिटला तो बुटाच्या नाडीवरून.

आम्ही सलग चार मॅच जिंकलो होतो, अकरा तेच. आमचा राइट बॅक (उजव्या बाजूचा बचावपटू) एरवी उकिडवा बसून स्वतःच्या नाड्या दोनदा ओढून बांधायचा. पाचव्या मॅचला तो पायरीवर पाय लांब करून बसला होता आणि बेंचवरचा बारका पोरगा त्याच्या नाड्या बांधत होता. मी ते पाहिलं, पण डोक्यात काही शिरलं नाही. बाविसाव्या मिनिटाला तो मांडी धरून खाली बसला. शॉर्ट वर केली तर आत क्रेप बँडेज, घट्ट गुंडाळलेलं. तीन दिवस दुखत होतं म्हणे. बोलला का नाहीस, विचारलं तर म्हणाला, "दादा, टीम जिंकतीय. एकदा बाहेर बसलो की परत जागा कुठली?" त्याचा सीझन तिथंच संपला. चूक माझी होती. जागा न बदलण्याचा नियम मीच केला होता.

१९६६ च्या वर्ल्ड कपचं उदाहरण नेहमी दिलं जातं. इंग्लंडचा स्ट्रायकर ग्रीव्ह्ज फ्रान्सविरुद्ध जखमी झाला, पुढच्या मॅचला हर्स्ट आत आला. फायनलपर्यंत ग्रीव्ह्ज बरा झाला, तरी प्रशिक्षक रॅम्सींनी हर्स्टलाच ठेवलं आणि त्यानं हॅटट्रिक केली. रॅम्सींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या पोराला यातला ग्रीव्ह्ज दिसतो आणि तो दुखणं लपवायला लागतो. आता बदली खेळाडू जास्त मिळतात, तेव्हा सुरुवात त्याच अकरांनी करा, असं काही जण सुचवतात. त्यात तथ्य आहे, पण सुरुवातीची जागा जाईल ही भीती त्यानं जात नाही.

म्हणून मी जिंकल्यावरसुद्धा दोन जागा बदलतो. गोलकीपर, स्टॉपर आणि मधला एक, यांना शक्यतो हलवत नाही. जो बसणार त्याला परत कधी खेळवणार तेही तेव्हाच सांगतो. अवघड आहे तो शब्द पाळणं. एकदा बदली विंगरनं दोन गोल मारले, तरी पुढच्या मॅचला पहिल्यालाच घेतला. प्रेक्षकांतून शिव्या आल्या, मॅच बरोबरीत सुटली. आजही तसंच करेन.

तुमच्याकडं चौदाच पोरं असतील, किंवा फायनल आठ दिवसांवर असेल, तर कदाचित तोच संघ बरा.

गेल्या सीझनला एका नॉकआउटच्या आदल्या संध्याकाळी तोच राइट बॅक सायकल भिंतीला लावून माझ्याकडं आला. "दादा, मागनं जरा ओढतंय. उद्या बारक्याला खेळवा, पुढच्या मॅचला मी हाय."