‘सगळ्या जंतांवर एकच औषध’ असं सांगून आम्हाला विकलेली बाटली

तुमच्या कोंबडीच्या पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसत असेल आणि कुणी ‘जंत झालेत, ही बाटली पाजा’ म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

आमची पिल्लं साधारण महिन्याची होती. पंख पाडून, पिसं फुगवून कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभी राहायला लागली. खाणं सुटलं, तुरे पांढरट पडले आणि भुशावर रक्ताचे डाग दिसू लागले. ओळखीतून एक माणूस आला. तो स्वतःला कोंबड्यांचा सल्लागार म्हणवतो. त्याने एकही पिल्लू हातात घेतलं नाही. लांबूनच ‘पोटभर जंत आहेत’ असं सांगितलं आणि पिशवीतून बाटली काढली. जंत, रक्ती हगवण, उवा, गोचीड, सगळ्यावर हे एकच औषध चालतं म्हणाला. सोबत ताकदीसाठी टॉनिकही घ्यायला लावलं, आणि मोठ्या कोंबड्यांनाही पाजा म्हणाला.

लेबलवर कोंबड्याचं चित्र आणि ‘शंभर टक्के वनौषधी’ एवढंच. घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, मुदत संपण्याची तारीख नाही, वजनाप्रमाणे मात्रा नाही.

आम्हाला खरं फसवलं ते दुसऱ्या दिवशी. तो परत आला, काडीने विष्ठेतली एक लालसर, लिबलिबीत दोरी उचलली आणि म्हणाला, ‘बघा, मेलेले जंत पडायला लागले.’ डोळ्यांसमोर पुरावा म्हटल्यावर कोण शंका घेणार? पोटात अजून साठा आहे म्हणून त्याने मोठी बाटली विकली. पिल्लं मरत होती, तर म्हणे औषध लागू पडतंय, कमजोर असतात ती जातातच.

शेवटी पशुवैद्यक डॉक्टरबाईंकडे नुकतंच मेलेलं पिल्लू नेलं. त्यांनी ते आमच्यासमोर उघडलं. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटाकडे दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्या दोन्ही फुगून गोठलेल्या रक्ताने भरल्या होत्या. जंत एकही नव्हता. हा कॉक्सिडिओसिस, म्हणजे आपण म्हणतो ती रक्ती हगवण. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी ती करतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे काडीवर उचलून दाखवायला तिथे काही नसतंच.

मग ती दोरी काय होती? मी ताज्या विष्ठेतली तशीच एक दोरी नेली होती. बाईंनी ती पाण्यात ढवळली, आणि बघता बघता तिच्या चिंध्या झाल्या. आजारी आतड्याचं सुटलेलं अस्तर आणि चिकट स्राव, एवढंच होतं ते. खरा गोल जंत पांढरट, टणक, दोन्ही टोकांना निमुळता असतो. पूर्ण वाढलेला ५ सेंटिमीटरपेक्षाही लांब असतो आणि पाण्यात ढवळला तरी अख्खा राहतो. चपट्या जंताचे तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे, पांढरे दिसतात. निरोगी कोंबडीच्या विष्ठेतही कधीकधी अस्तराचे थोडे नारिंगी तुकडे पडतात. ही माणसं नेमका त्याचाच फायदा उठवतात.

‘एकच बाटली सगळ्यावर’ हे सांगणंच मुळात खोटं आहे. पिपेराझिन फक्त मोठ्या गोल जंतांवर चालतं. फेनबेंडाझोल जास्त प्रकारच्या जंतांवर चालतं. चपट्या जंतांसाठी प्राझिक्वांटेल लागतं. यांपैकी एकही रक्ती हगवण थांबवत नाही. तिच्यासाठी डॉक्टरांनी आम्हाला अँप्रोलियम पाण्यातून दिलं, सुरुवातीचे दिवस पूर्ण मात्रेत, नंतर कमी मात्रेत. हे औषध बी-१ जीवनसत्त्वाची नक्कल करून परजीवीला उपाशी मारतं, म्हणून त्या काळात बी-१ असलेलं टॉनिक दिलं तर औषधाचा जोर कमी होतो. आम्हाला गळ्यात मारलेल्या टॉनिकवर ‘बी कॉम्प्लेक्स’ लिहिलेलं होतं! बाईंनी ते आधी बंद करायला लावलं. मात्रा मात्र डॉक्टरांकडूनच घ्या, पिल्लांचं वय आणि औषधाची तीव्रता बघून ती ठरते.

आणि ओल. विष्ठेतून पडलेल्या परजीवीच्या अंडुकल्यांना उबदार, ओलसर भुशात एक-दोन दिवस मिळाले की ती रोग लावायला तयार होतात. पिल्लांनी टिपली की आठवड्याच्या आत आजार उभा राहतो. नेहमीच्या फिनाइलने ती मरत नाहीत. कोरडेपणा आणि कडक उष्णता त्यांना सोसत नाही. आमच्याकडे पाण्याच्या भांड्याभोवतीचा भुसा कायम भिजलेला असायचा. तो सगळा काढला, भांडं उंचावर टांगलं. त्या माणसाने भुशाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

उवा आणि गोचिडांचं तपासणं तर अगदी वेगळं. उवा पिसांच्या मुळाशी, गुदद्वाराजवळ सापडतात. गोचिडासारखीच असणारी बारीक लाल कीड दिवसा खुराड्याच्या फटींत दडते आणि रात्री कोंबड्यांचं रक्त पिते, म्हणून अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन कोंबड्यांच्या बसायच्या दांड्या खालून बघाव्या लागतात.

जंतांची शंका असेल तर आधी विष्ठा तपासून घ्या. चार-पाच ठिकाणची ताजी विष्ठा एकत्र करून झाकणाच्या डबीत, थंड जागी ठेवून लवकर तपासणीच्या प्रयोगशाळेत पोचवायची. तिथे ती मिठाच्या दाट पाण्यात कालवतात, जंतांची अंडी वर तरंगतात आणि मायक्रोस्कोपखाली मोजता येतात. रक्ती हगवणीत मात्र रक्त आधी पडतं आणि विष्ठेत परजीवी नंतर दिसू लागतो, त्यामुळे पहिला अहवाल स्वच्छ आला तरी निर्धास्त होऊ नका. मेलेलं पिल्लू असेल तर तेच न्या, उत्तर लवकर मिळतं.

बाटलीत काय होतं हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून मोठ्या कोंबड्यांची त्या काळातली सगळी अंडी आम्ही फेकली. नोंदणीकृत औषधाबरोबर अंडी किती दिवस खायची नाहीत हे लिहिलेलं असतं. तो म्हणाला होता, वनौषधी आहे, आजच खा.

जाब विचारल्यावर त्याने मात्रा चुकल्याचा ठपका आमच्यावरच ठेवला. रिकाम्या बाटल्या, लेबल, पैसे दिल्याची नोंद आणि डॉक्टरांचा शवविच्छेदनाचा अहवाल असं सगळं मी जपून ठेवलंय, कारण तक्रार करायची आहे. तुमच्याकडेही अशीच बिनघटकांची बाटली आली असेल तर ती फेकू नका, लेबलसकट ठेवा.