अग्निशमन दलाच्या नावाने आलेले बिल मी भरले

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, भाड्याने दिलेल्या माझ्या गाळ्यात मीटरच्या पेटीला आग लागली. बंब वेळेवर आला आणि थोडक्यात निभावले. बाराव्या दिवशी माझ्या व्हॉट्सॲपवर दलाचे बोधचिन्ह आणि जावक क्रमांक असलेले ‘बंब व मनुष्यबळ शुल्का’चे 27,350 रुपयांचे बिल आले. अशी प्रकरणे कशी घडतात हे सर्वांनाच ठाऊक आहे, मलाही होते. उभी नोकरी लेखापरीक्षणात, इतरांची बिले तपासण्यात घालवलेला मी माणूस आहे, हे लिहितानाही लाज वाटते.

पाठोपाठ फोन करणाऱ्याला आगीची तारीख, बंब पोहोचल्याची वेळ आणि भाडेकरूचे नाव तोंडपाठ होते, मग संशय कशाचा घ्यायचा? शिवाय 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे, आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक एजन्सीचा ‘फॉर्म बी’ दर जानेवारीत व जुलैत द्यावा लागतो. माझा जानेवारीचा राहिला होता. हे त्याने बरोबर हेरले आणि जुना फॉर्म व दोन अग्निशामक सिलिंडर भरून देण्याचे आणखी 18,500 रुपये सांगितले. बिल थकले तर आगीचा दाखला अडेल आणि दाखल्यावाचून विम्याचा दावा अडेल, असेही तो म्हणाला. यातला दुसरा भाग खरा असल्यामुळे पहिलाही मला खरा वाटला.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर महापालिकेचे नव्हे, एका बाईंचे नाव आले. मी ते वाचले, त्याला विचारलेही. “साहेब, ते आमच्या वसुली लिपिकाचे खाते आहे, मार्चअखेरीमुळे मुख्य खाते बंद ठेवले आहे,” असे तो म्हणाला, आणि मार्चअखेरची धांदल जन्मभर पाहिलेल्या मला ते पटले. सरकारी पैसा लिपिकाच्या खात्यात जमा झाल्याचे एखाद्या कार्यालयात मला आढळले असते, तर त्याच दिवशी आक्षेप काढला असता. भाडेकरू समोरच होता. “काका, केंद्र दहा मिनिटांवर आहे, मी विचारून येतो,” म्हणाला. मी त्याला गप्प बसवले आणि 45,850 रुपये पाठवले.

सिलिंडर परत आले तेव्हा त्यांवर नवे स्टिकर होते, पण दाबमापकाचा काटा लालमध्येच होता. स्टिकर वाचू नका, काटा पाहा. एजन्सीचा परवाना अग्निशमन सेवा संचालनालयाच्या यादीत शोधा. माझ्या ‘फॉर्म बी’वरचा क्रमांक त्या यादीत नाही.

हे सर्व मला पैसे पाठवल्यानंतर नवव्या दिवशी कळले. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. या क्रमांकावर त्याच तासाला फोन करा, लाजत बसू नका. पोलीस ठाण्याने सायबर शाखेकडे पाठवले, सायबर शाखेने ‘तुम्ही स्वतः पैसे दिलेत, हा व्यवहाराचा वाद आहे’ म्हणून पुन्हा ठाण्याकडे. अग्निशमन कार्यालयात बिल दाखवले, तर ‘हे आमचे नाही’ एवढे उत्तर मिळाले. तेच लेखी द्या म्हटल्यावर, जे पत्र आमच्या कार्यालयातून गेलेच नाही त्याबद्दल आम्ही काय लिहून देणार, असा उलट प्रश्न आला. आगीची तारीख आणि बंबाची वेळ बाहेर कशी गेली, या प्रश्नावर तर साहेब जेवायला उठले. त्याच खिडकीवर भाडेकरूने रीतसर अर्ज केला आणि आगीचा दाखला सहा दिवसांत आणला. थकलेल्या बिलाचा विषयही कोणी काढला नाही. वर, जानेवारीचा ‘फॉर्म बी’ दिला नाही म्हणून त्याच कार्यालयाने मला खरी नोटीस दिली आहे आणि ती मात्र टपालाने आली.

ठाण्याने परवा बोलावले आहे, व्हॉट्सॲपवर आलेल्या बिलाची मूळ प्रत घेऊन.