घरच्या फायरवॉलवर ओपनबीएसडी: नऊ महिन्यांचा अनुभव

नऊ महिने झाले, घरातलं सगळं इंटरनेट एका जुन्या छोट्या डेस्कटॉपमधून जातंय. तो ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर फायरवॉल म्हणून, म्हणजे काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी म्हणून चालतो. ठरवताना मी पंधरा दिवस ऑपरेटिंग सिस्टिमच्याच तुलनेत घालवले. त्यातले निम्मे नेटवर्क कार्डाला द्यायला हवे होते.

मदरबोर्डवरचा लॅन पोर्ट मोठी फाइल उतरवताना मध्येच गप्प व्हायचा. केबल काढून घातली की पुन्हा सुरू. दोन सिस्टिम टाकून पाहिल्या, फायरवॉलचे नियम दहा वेळा तपासले, फरक शून्य. शेवटी इंटेल आय३५० चिपचं चार पोर्टांचं कार्ड बसवलं. तेव्हापासून लिंक एकदाही पडलेली नाही. लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी या तिन्ही सिस्टिमांत ही चिप चालवणारे ड्रायव्हर जुने आणि मुरलेले आहेत. फक्त सेकंडहँड घेताना जपा, या कार्डाच्या नकला बाजारात फिरतात.

आता सिस्टिम. पीएफसेन्स आणि त्यातूनच वेगळं होऊन २०१५ मध्ये आलेलं ऑपनसेन्स, या दोन्ही ब्राउझरमधून चालवायच्या तयार फायरवॉल सिस्टिम फ्रीबीएसडीवर चालतात. त्यांच्या पोटातलं पीएफ हे पॅकेट फिल्टर (डेटाचे तुकडे, म्हणजे पॅकेटं, नियमांनुसार सोडणारं किंवा अडवणारं) मुळात ओपनबीएसडीसाठी २००१ मध्ये लिहिलेलं. मी थेट उगमाकडे गेलो, कारण तिथे सगळे नियम एका साध्या फाइलमध्ये राहतात. माझी फाइल ४१ ओळींची आहे. आधी ‘सगळं अडवा’, मग लागेल तेवढंच उघडा. बदल लागू करण्याआधी ‘पीएफसीटीएल -एनएफ’ ही आज्ञा चालवली की फाइल नुसती तपासली जाते, चालू नियमांना धक्का लागत नाही. ही सवय लावाच.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं पीपीपीओईनं, म्हणजे इंटरनेट कंपनीशी लॉगिन करून जोडायच्या पद्धतीनं. काही साइट झटकन उघडायच्या, काही अर्ध्यावर अडकायच्या. पीपीपीओईचे ८ बाइट वजा जाऊन एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १५०० ऐवजी १४९२ उरतो, आणि मोठी पॅकेटं वाटेत गळतात. पीएफमध्ये ‘मॅक्स-एमएसएस १४५२’ ही एका पॅकेटातला डेटा १४५२ बाइटांपुरता ठेवणारी एक ओळ घातली आणि दुखणं गेलं.

अपलोड चालू असताना व्हिडिओ कॉल तुटायचे, त्यावरही इथेच उपाय सापडला. ‘फ्लोज’वाली, म्हणजे प्रत्येक जोडणीला आळीपाळीनं वाट देणारी रांग लावून अपलोडची मर्यादा लाइनच्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवली. आता घरात कुणी बॅकअप लावला तरी कॉलवरच्या माणसाला कळत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी हा खटाटोप पुन्हा करेन.

वायफाय मात्र याच्यावर टाकलं नाही. जुन्या राउटरचं डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटणं) बंद करून तो नुसता वायफाय देणारा ॲक्सेस पॉइंट म्हणून ठेवलाय.

यूपीएस आधीच घ्या. ओपनबीएसडीच्या फाइल सिस्टिमला जर्नल, म्हणजे डिस्कवरच्या बदलांची आगाऊ नोंद, नाही. एकदा वीज गेल्यावर मशीन मध्येच थांबलं, आणि मॉनिटर जोडून हातानं ‘एफएससीके’ हे डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन चालवावं लागलं. तुम्ही घरी नसताना दुसऱ्या कुणाला हे सांभाळावं लागणार असेल, तर ऑपनसेन्स घ्या. ब्राउझरमधून कॉन्फिगरेशनचा बॅकअप परत चढवणं फोनवरून समजावता येतं, ‘एफएससीके’ येत नाही.