ट्रिपल अँटिबायोटिक पेस्ट: खलातली, सिरिंजमधली आणि दातातली

मूळ अजून पुरतं न वाढलेल्या, आतली नस मेलेल्या दाताला उत्तम. पुन्हा उघडलेल्या जुन्या कॅनॉलला (मुळातल्या नसेच्या पोकळीला) चालेल, अटींसह. रोजच्या साध्या कॅनॉलला नको. मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मिनोसायक्लिन या तीन अँटिबायोटिकांच्या, कॅनॉलमधले जंतू मारायला भरायच्या पेस्टबद्दल आमचं मत असं आहे. पण पेस्ट बरोबर प्रमाणात बनलेली असेल तरच ते लागू. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या लहान दवाखान्यांत ती मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या घोटून बनवणं हाच सोपा मार्ग असतो, म्हणून आधी खलाचंच बोलू.

सर्वात मोठा घोळ इथेच होतो. सिप्रोची ५०० ची एक गोळी, मेट्रोची ४०० ची एक, मिनोसायक्लिनची १०० ची एक कॅप्सूल, तिन्ही खलात टाकली आणि घोटली, की ‘समप्रमाण’ झालं असं समजतात. प्रत्यक्षात ते ५:४:१ झालं, आणि मिनोसायक्लिन सर्वात कमी पडलं. १:१:१ हवं असेल तर मिनोसायक्लिनच्या एका कॅप्सूलला सिप्रोची पाचवा हिस्सा गोळी आणि मेट्रोची पाव गोळी पुरते. त्यातही गोळीचं वजन म्हणजे औषधाचं वजन नव्हे. गोळीत स्टार्च, बांधणीचे पदार्थ, वरचं कोटिंग असतं. आधी कोटिंग ब्लेडने खरवडून काढायचं, अख्खी गोळी बारीक करून पूड तोलायची आणि मग हिशोब करायचा. समजा, मेट्रो ४०० ची पूड ५६० मिलिग्रॅम भरली, तर १०० मिलिग्रॅम औषधासाठी १४० मिलिग्रॅम पूड घ्यावी लागेल. यासाठी १ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा. सराफी दुकानात वापरतात तसला छोटा डिजिटल काटा चालतो. चमच्याच्या टोकाने अंदाजपंचे घेतलेली पूड नाही चालत.

दुसरी गोष्ट दाटपणाची. तिन्ही पुडींत प्रॉपिलिन ग्लायकॉलचे दोन थेंब घालून केलेल्या घट्ट पेस्टमध्ये दर मिलिलिटरला शेकडो मिलिग्रॅम औषध असतं, कधी हजाराच्या घरात. मूळ वाढवायच्या उपचारासाठी अमेरिकन असोसिएशन ऑफ एन्डोडोन्टिस्ट्स सांगते ती मात्रा दर मिलिलिटरला १ ते ५ मिलिग्रॅम. फरक शेकडो पटींचा आहे. मुळाच्या टोकाशी असलेल्या ज्या मूळपेशींच्या भरवशावर पुढची वाढ व्हायची, त्याच पेशी दाट पेस्टने मरतात. जंतूही मेले आणि दात वाढवणारेही मेले, मग सहा महिन्यांनी एक्स-रे काढून मूळ जिथल्या तिथेच का आहे याचा शोध घेत बसायचं. प्रत्येकी १० मिलिग्रॅम औषध ६ मिलिलिटरमध्ये विरघळवलं तर ५ मिलिग्रॅमची मात्रा मिळते, ३० मिलिलिटरमध्ये घेतलं तर १ मिलिग्रॅमची. इतकं पातळ मिश्रण कॅनॉलमध्ये थांबत नाही, म्हणून नुसत्या निर्जंतुक पाण्याऐवजी मिथाइल सेल्युलोजच्या जेलमध्ये कालवावं. मोठ्या माणसाच्या, टोक बंद झालेल्या दातात या पेशी जपायचा प्रश्न नसतो. तिथे क्रीमसारखी दाट पेस्ट चालते, पण पूड मैद्यासारखी बारीक हवी. बेळगावच्या कुंद्यासारखी दाणेदार राहिली तर बारीक कॅनॉलमध्ये वरच अडकते आणि खालचे चार मिलिमीटर कोरडे राहतात.

पुडी वेगवेगळ्या, घट्ट झाकणाच्या गडद बाटल्यांत सिलिका जेलच्या पाकिटासह फ्रिजमध्ये ठेवा, आणि ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी मिसळा. बाटली फ्रिजमधून काढल्याबरोबर उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात उघडी राहिलेली पूड हवेतला ओलावा धरते आणि तिच्या गाठी होतात. गाठी झालेली पूड टाकून द्यायची, पुन्हा घोटून वापरायची नाही. मिनोसायक्लिनला उजेडही सोसत नाही. हे औषध त्वचारोगाचे डॉक्टर मुरुमांसाठी लिहितात, त्यामुळे प्रत्येक मेडिकलमध्ये ते असतंच असं नाही, आणि ‘त्याऐवजी डॉक्सी देऊ का?’ असा प्रश्न हमखास येतो. डॉक्सीसायक्लिनही त्याच टेट्रासायक्लिन कुळातलं आहे आणि दात रंगवायचा त्याचा गुण पूर्ण जात नाही, एवढं लक्षात ठेवून काय ते ठरवा.

आता मूळ मुद्दा, प्रतिकार करणारे जंतू. दोन-दोनदा केलेला कॅनॉल पुन्हा पू धरतो तेव्हा सापडणाऱ्यांपैकी ठळक नाव एन्टेरोकोकस फिकॅलिस. कॅनॉलमध्ये नेहमी भरतात त्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पीएच साडेबाराच्या आसपास, म्हणजे तीव्र अल्कधर्मी, असतो, पण दाताचा डेंटिन (एनॅमलखालचा, बारीक नलिकांचा थर) तो शोषून बोथट करतो. नलिकांच्या आत पीएच साडेअकराच्या खाली राहिला की हा जंतू पेशीतला प्रोटॉन पंप चालवून तग धरतो. म्हणूनच तीन औषधांचा विचार पुढे आला. जपानच्या निगाता विद्यापीठातल्या होशिनो यांच्या गटाने १९९६ मध्ये या तिघांचा एकत्र परिणाम दाखवला. तिघांची कामं वाटलेली आहेत: मेट्रोनिडाझोल प्राणवायूशिवाय जगणारे जंतू मारतं, सिप्रो मुख्यतः ग्रॅम निगेटिव्ह नावाच्या गटातले, आणि मिनोसायक्लिनचा पल्ला रुंद आहे. यात खोच अशी की फिकॅलिस प्राणवायू असला तरी जगतो आणि नसला तरी, त्यामुळे मेट्रोनिडाझोल त्याच्यावर चालत नाही. त्याच्याशी लढाई उरलेल्या दोघांची, आणि मिनोसायक्लिन ज्या कुळातलं त्या टेट्रासायक्लिनला दाद न देणारी जनुकं या जंतूत आढळतात. म्हणून ‘तीन औषधं आहेत, काही ना काही लागू पडेलच’ हा भरवसा जुन्या, बिघडलेल्या कॅनॉलमध्ये पुरा पडत नाही.

दाताचा रंग टाळण्यासाठी मिनोसायक्लिन काढून क्लिंडामायसिन किंवा सेफॅक्लोर घालतात, तिथे हा हिशोब आणखी बिघडतो. एन्टेरोकोकस जात्याच क्लिंडामायसिनला आणि सेफॅक्लोरच्या सेफॅलोस्पोरिन गटाला दाद देत नाही. पहिल्यांदाच उघडलेल्या, नस सडलेल्या दातात हा बदल चालतो, कारण तिथे जोर प्राणवायूशिवायच्या जंतूंचा असतो. पुन्हा उघडलेल्या कॅनॉलमध्ये मात्र तिसरं औषध अमॉक्सिसिलिन घ्या, फिकॅलिसवर ते सहसा चालतं. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारायचं. प्रश्न केस पेपरवर छापूनच ठेवा.

पेस्ट भरण्याआधीचं काम पेस्टपेक्षा मोठं आहे. रबर डॅम (लाळ अडवणारा रबराचा पडदा) लावा. जुना गटापर्चा (कॅनॉलमध्ये भरलेला रबरासारखा पदार्थ) पूर्ण काढा, भिंतीला चिकटलेला पातळ थरही, कारण त्याच्यामागे औषध पोहोचत नाही. मोठ्या माणसाच्या दातात अडीच ते सव्वापाच टक्के हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) अल्ट्रासॉनिकने खेळवा. मग १७ टक्के ईडीटीए मिनिटभर, म्हणजे नलिकांची तोंडं उघडतील, नंतर सलाइन आणि कोरडं करायला पेपर पॉइंट (कागदी काड्या). टोक उघडं असलेल्या कोवळ्या दातात हायपो दीड टक्काच, प्रत्येक कॅनॉलला २० मिलिलिटर, पाच मिनिटांत सावकाश, सुई टोकापासून एक मिलिमीटर मागे ठेवून. तिथे फाइल घासायची नाही. हायपोनंतर क्लोरहेक्सिडिन थेट ओतू नका, दोन्ही मिळून तपकिरी गाळ होतो आणि नलिका बुजतात.

पेस्ट लेंटुलोने (मशीनवर फिरणाऱ्या बारीक स्प्रिंगने) किंवा २० गेजच्या सुईने भरा, पण हिरडीच्या रेषेखाली, दाताची मान जिथे संपते तिथेच थांबा. वर राहिलेली पेस्ट ओल्या कापसाने पुसून काढा. पुढच्या दातात मिनोसायक्लिन वापरायचंच असेल तर पल्प चेंबरच्या (दाताच्या वरच्या भागातल्या नसेच्या पोकळीच्या) भिंतींना आधी बाँडिंग एजंट लावून लाइटने घट्ट करा आणि मगच पेस्ट भरा. मिनोसायक्लिन डेंटिनमधल्या कॅल्शियमला धरून बसतं आणि दात आधी हिरवट, मग करडा दिसू लागतो. तो डाग ब्लीचिंगने पुरता जाईल याची खात्री देता येत नाही. निपाणी भागात मिश्रीने काळवंडलेले दात नेहमीचेच, त्यामुळे आतून उमटलेला डाग उशिरा ध्यानात येतो. भरण्याआधीचा रंग शेड गाइडने लिहून ठेवलेला बरा.

वरती टेफ्लॉन, त्यावर कॅविटचे (तात्पुरत्या सिमेंटचे) किमान तीन-चार मिलिमीटर, आणि त्यावर जीआय (ग्लास आयोनोमर सिमेंट). हा शेवटचा थर आपल्याकडे ऐच्छिक मानू नये. एक ते चार आठवड्यांनी बोलावलेल्या रोग्याला रोप लावणीत किंवा सुगीत बेळगाव गाठणं जमत नाही, चोर्ला रस्त्यावरच्या गावातून तर नाहीच. नुसतं कॅविट तेवढा काळ टिकत नाही. ते झिजलं की लाळेसोबत नवे जंतू आत जातात, आणि आतलं औषध विरत चाललेलं असतं. अर्धवट मात्रेत वाढणारे जंतू, म्हणजे प्रतिकार शिकवायची शाळाच. दुसरीकडे, पेस्ट महिनोन्महिने आत राहिली तर ती आम्लधर्मी असल्याने डेंटिनचा कठीणपणा घटतो. म्हणून परत येण्याची खात्री नसेल तर ही पेस्ट भरूच नये, कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरावं.

काढायलाही ती चिवट आहे. प्रयोगशाळेतल्या मोजमापांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड बहुतांश धुऊन निघालं आणि ही पेस्ट मात्र बहुतांश डेंटिनमध्ये खोल राहिली. एका अर्थाने तेच तिचं बळ. नलिकांत शिरते म्हणूनच काम करते.

लहान मुलांच्या दुधाच्या दाढांत हिचा वापर निगाता पद्धतीने होतो: कॅनॉल साफ न करता तोंडाशी औषध ठेवून बंद करायचं. त्यासाठी मॅक्रोगॉल आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल सारख्या मापाने घेऊन त्याच्या एका भागात औषधाचे सात भाग कालवतात. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक डेंटिस्ट्रीची २०२० ची शिफारस अशी की मुळं झिजलेली दाढ साधारण वर्षभर टिकवायची असेल तेव्हा ही पद्धत घ्यावी आणि मिश्रणात टेट्रासायक्लिन गटाचं औषध नसावं. खाली कायमच्या दाताचा कोंब असतो, तो रंगायला नको. इथे क्लिंडामायसिनचं मिश्रण योग्य.

तयार सिरिंजबद्दल थोडक्यात. मात्रेची कटकट वाचते, दाणे नसतात, टोक बारीक असतं. घेण्याआधी डीलरकडून तीन गोष्टी लेखी घ्या: प्रत्येक औषध दर ग्रॅमला किती, माध्यम कोणतं, उघडल्यावर किती दिवस. दर ग्रॅमची मात्रा लिहिलेली नसेल तर ती सिरिंज खलातल्या पेस्टपेक्षा बरी नाही, फक्त महाग आहे. लेडरमिक्स हे वेगळं औषध. १९६० च्या सुमारास झुरिचमध्ये निघालेल्या या पेस्टमध्ये डेमेक्लोसायक्लिन आणि ट्रायॲमसिनोलोन हे स्टिरॉइड आहे. ठणका कमी करायला ते चांगलं, जंतूंसाठी त्यावर विसंबू नये, आणि तेही दात रंगवतं. कॅनॉलमध्ये मिश्र अँटिबायोटिक घालण्याची कल्पना तशी याहूनही जुनी. ग्रॉसमन यांनी १९५१ मध्ये पेनिसिलिन, बॅसिट्रासिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि सोडियम कॅप्रिलेट यांची पेस्ट आणली होती. अमेरिकेत १९७५ मध्ये ती बंद झाली.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड स्वस्त आहे, पेशींना जपतं, दात रंगवत नाही, प्रतिकार निर्माण करत नाही. युरोपियन सोसायटी ऑफ एन्डोडोन्टॉलॉजीने २०१६ च्या भूमिकेत मूळ वाढवण्याच्या उपचारासाठीही तेच सुचवलं. आमचा कल पहिल्या ड्रेसिंगला (दोन भेटींमध्ये कॅनॉलमध्ये भरून ठेवायच्या औषधाला) तेच, आणि पू थांबला नाही तर दुसऱ्या ड्रेसिंगला पेस्ट, असा आहे.

‘कॅनॉल राहू दे, गोळ्याच लिहून द्या की’ हा आग्रह इथल्या प्रत्येक दवाखान्याच्या ओळखीचा. मेलेल्या नसेत रक्तपुरवठा नसतो, म्हणून पोटातून घेतलेली गोळी कॅनॉलमधल्या जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. सूज पसरतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, अशा वेळी गोळ्या जरूर द्या, पण दात उघडून पू काढण्याच्या जोडीला.

दोन ड्रेसिंगनंतरही हिरडीवरची पुळी बसली नाही तर तिसऱ्यांदा तीच पेस्ट भरू नका. वरच्या पहिल्या दाढेत पुढच्या गालाकडच्या मुळातला दुसरा कॅनॉल सुटला आहे का, मुळाला उभी चीर आहे का, हे बघा. सीबीसीटी (दातांचा त्रिमितीय स्कॅन) करून घ्या. पुढे पाठवायचं झालं तर बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत, दोन्हीकडे हा विभाग आहे. चिठ्ठीवर कोणती तीन औषधं, कोणत्या मात्रेत, कोणत्या तारखेला भरली ते ठळक लिहा. बेरियम किंवा आयोडोफॉर्म घातलेलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड एक्स-रेवर पांढरं दिसतं, ही पेस्ट दिसत नाही, आणि पुढच्या डॉक्टरला कॅनॉल रिकामाच वाटतो.